सिट्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ: या गाडीवर जाणकारांचा एवढा जीव का?

रोनकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची असून गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्यों शहरात राहते. आमच्या इमारतीतील एका वयोवृद्ध गृहस्थांकडे १९५३ सालची काळी सिट्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ आहे. मॉडेल ११ बीएल. गेल्या महिन्यात त्यांनी मला शेजारी बसवून सोन नदीच्या काठाकाठाने तासभर फिरवून आणले आणि परत आल्यावर सहज विचारल्यासारखे विचारले, की ही गाडी चालती ठेवण्याची तुझी तयारी असेल तर मी ती तुला रास्त किमतीत देईन.

त्या तासाभरात दोन गोष्टी मनात बसल्या. पुढचे दार बिजागरीवर मागच्या बाजूने, म्हणजे मधल्या खांबावर, टांगलेले आहे, त्यामुळे ते पुढून उघडते आणि पाऊल थेट गाडीच्या आतल्या सपाट जमिनीवर पडते. पायदान नाही, उंबरठा चढावा लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गिअरचा दांडा. तो डॅशबोर्डमधून बाहेर येतो आणि आजोबा तो दोन बोटांनी हलवतात.

माझे प्रश्न दोन आहेत. या गाडीला पुढची चाके ओढतात, पण आज अगदी स्वस्तातल्या छोट्या गाडीचीही पुढचीच चाके ओढतात, आणि १९३४ मध्येही ही कल्पना अगदी नवी नव्हती असे वाचनात आले. असे असताना या एका गाडीला जाणकार इतका मान का देतात? आणि ती घ्यायचीच झाली, तर माझ्यासारख्या, यंत्राची आवड असलेल्या पण मेकॅनिक नसलेल्या व्यक्तीने नेमके काय तपासावे?

---

कमानपाटा

आपला पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण या गाडीचे कौतुक पुष्कळदा चुकीच्या कारणासाठी केले जाते. मी आयुष्यभर वाहन उद्योगात सस्पेन्शनचे काम केले. त्यामुळे त्या अंगाने थोडे सविस्तर लिहितो.

आपण वाचलेत ते बरोबर आहे. अमेरिकेत कॉर्ड एल-२९ ही फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांनी ओढली जाणारी, गाडी १९२९ मध्ये आली, जर्मनीत डीकेडब्ल्यूची एफ-१ ही १९३१ मध्ये आली, आणि खुद्द फ्रान्समध्ये जाँ-आल्बेर ग्रेग्वार यांच्या त्राक्ता गाड्या त्याही आधीपासून धावत होत्या. वेगळ्या चासीशिवाय, म्हणजे खालच्या स्वतंत्र सांगाड्याशिवाय, बांधलेली गाडी म्हणाल तर इटलीच्या लान्चियाने लाम्ब्दा ही १९२२ मध्येच दाखवली होती. हायड्रॉलिक ब्रेकही अमेरिकेत रुळले होते. म्हणजे सुटे सुटे पाहिले तर त्राक्सियाँमध्ये 'जगात प्रथमच' म्हणावे असे फारसे काही सापडत नाही.

तिची थोरवी या सगळ्याच्या सांध्यात आहे. आपले पाऊल ज्या सपाट जमिनीवर पडले, तिथूनच सुरुवात करू. ज्यांनी फियाट अकराशे किंवा तिच्यानंतरची प्रीमियर पद्मिनी वापरली आहे, त्यांना मागच्या सीटवर मध्ये बसणाऱ्याच्या पायाखाली येणारा उंचवटा आठवत असेल. त्याच्याखालून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना पोचवणारा दांडा, मागच्या ॲक्सलकडे जात असे. आपल्याकडे सर्वसामान्य कुटुंबाच्या गाडीतून हा शाफ्ट गेला तो १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर. सिट्रोएनने तो जवळजवळ पन्नास वर्षे आधी काढला. शाफ्ट गेल्याने जमीन खाली आणता आली. जमीन खाली आणायची तर तिच्याखाली चासीच्या जाड तुळया ठेवून चालणार नव्हते, म्हणून पत्र्याचे संपूर्ण कवचच भार घेईल असे बांधले. कवच खाली आल्यामुळे गाडीची उंची दीड मीटरच्या आसपास राहिली, पायदानाची गरज संपली आणि वजनाचा मध्य रस्त्याजवळ आला. वजन खाली असल्याने वळणावर गाडी फारशी कलत नाही, आणि म्हणून पुढच्या चाकांची पकड शेवटपर्यंत टिकते. यातला एक भाग बदला, की बाकीचे भाग निरर्थक होतात. इतके एकजीव डिझाइन मी त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही कुटुंबाच्या गाडीत पाहिलेले नाही.

बॉनेट उघडून पाहाल तेव्हा आणखी एक गोष्ट आवर्जून पाहा. गिअरबॉक्स अगदी पुढे, नाकाशी आहे. त्यामागे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा भाग), मग क्लच आणि सर्वांत मागे इंजिन. म्हणजे इंजिन नेहमीच्या मानाने उलटे बसवलेले असून ते पूर्णपणे पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे येते. आजच्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत इंजिन आडवे, चाकांच्या रेषेवर किंवा तिच्याही पुढे लटकलेले असते, आणि त्यामुळे नाक जड होते. त्राक्सियाँची चारही चाके गाडीच्या चार कोपऱ्यांत आहेत आणि जड वस्तू त्यांच्या मध्ये आहेत. आजोबा ज्या दांड्याला दोन बोटे लावतात, त्याच्या सळया इंजिनावरून पुढे थेट गिअरबॉक्सपर्यंत गेलेल्या आहेत. दांडा डॅशबोर्डमधून निघतो त्याचे कारण हेच.

पाट्यांचेही तसेच. त्या काळच्या बहुतेक गाड्या कमानी पाट्यांवर बसलेल्या असत. इथे पाटे नाहीतच. पुढची चाके स्वतंत्र, लांब टॉर्शन बारना (पीळ पडून धक्का झेलणाऱ्या पोलादी सळयांना) जोडलेली. मागे सरळ आडवी तुळई, तीही टॉर्शन बारवरच. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर गाडी अंगावर धक्का न आणता जाते, हे आपण अनुभवलेच असेल.

---

जुनी पाने

कमानपाटा यांनी यंत्राची बाजू मांडली आहे. ही गाडी किती घाईत आणि किती मोठी किंमत मोजून जन्माला आली, हेही लक्षात घ्यावे असे मला वाटते.

आंद्रे लफेव्हर हे अभियंता १९३३ च्या मार्च महिन्यात सिट्रोएनमध्ये दाखल झाले आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये ७ए हे पहिले मॉडेल लोकांसमोर आले. तेरा महिने. लफेव्हर पूर्वी व्हॉइझँ या कंपनीत विमानविद्येच्या वळणाने गाड्या रचत असत, आणि कवचानेच भार घ्यावा हा विचार त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. आकार दिला तो फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने. त्यांनी तो कागदावर न रेखाटता मऊ मातीसारख्या पदार्थात हाताने घडवला. मडगार्डची वळणे तिरप्या उन्हात पाहिली, तर तिथे बोटे फिरलेली आहेत असेच वाटते. पूर्ण पोलादी कवच दाबून घडवण्याचे तंत्र अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडून आले होते.

सुरुवातीला या गाडीला आपोआप बदलणारा गिअर बसवायचा असे ठरले होते. तो वेळेत जमेना, तेव्हा अगदी शेवटच्या टप्प्यावर तो बेत सोडून तीन गिअरचा साधा गिअरबॉक्स घाईने तयार करण्यात आला. त्या घाईचा परिणाम आजही मालकांना जाणवतो. पहिल्या गाड्यांमध्ये कवचाला चिरा पडणे, ग्रेग्वार यांच्या पद्धतीचे ड्राइव्ह शाफ्टचे (पुढची चाके फिरवणाऱ्या दांड्यांचे) सांधे लवकर झिजणे, अशा तक्रारी येत राहिल्या आणि त्या दुरुस्त करण्यात पैसा ओतावा लागला. त्याच सुमारास पॅरिसच्या जावेल धक्क्यावरचा कारखानाही कंपनीचे संस्थापक आंद्रे सिट्रोएन यांनी नव्याने बांधून काढला होता. हा सगळा बोजा कंपनीला पेलवला नाही. १९३४ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सर्वांत मोठी धनको असलेल्या मिशलिन या टायर कंपनीने ती ताब्यात घेतली. ३ जुलै १९३५ रोजी आंद्रे सिट्रोएन कर्करोगाने वारले. ज्या गाडीपायी त्यांचे सर्वस्व गेले, ती पुढे १९५७ पर्यंत बनत राहिली आणि तिचा आकडा साडेसात लाखांच्या वर गेला, हे पाहायला ते उरले नाहीत. मला या गाडीच्या कहाणीतला हा भाग वाचताना नेहमी वाईट वाटते.

आता तुमच्या गावाशी जोडलेली एक गोष्ट. तुम्ही ज्या सोन नदीच्या काठाने फिरलात, त्याच काठावर ल्योंच्या थोडे वर रॉशताय्ये नावाचे गाव आहे. तिथे फ्रांस्वा लको नावाचे एक हॉटेलमालक राहत. त्यांनी १९३५ च्या जुलैपासून सुमारे वर्षभर एकाच ११ मॉडेलच्या त्राक्सियाँमधून एक दिवस पॅरिसला जाऊन परत आणि दुसऱ्या दिवशी मोंते कार्लोला जाऊन परत, असा नेम धरून ४,००,००० किलोमीटर पूर्ण केले. म्हणजे रोजचे साधारण अकराशे किलोमीटर, तेही त्या काळच्या रस्त्यांवर. पहिल्या गाड्यांच्या तक्रारींनी ज्यांचा विश्वास उडाला होता, त्यांना यापेक्षा सरळ उत्तर देता आले नसते. त्याच गावातल्या गढीत आज जुन्या गाड्यांचे संग्रहालय आहे. तुम्हाला ते सहज पाहता येईल.

युद्धकाळाबद्दल थोडक्यात. ही गाडी जर्मन गुप्त पोलिसांनी वापरली, आणि पुढे दारांवर पांढऱ्या रंगाने एफएफआय (फ्रान्सची अंतर्गत सेना) ही अक्षरे रंगवून फ्रेंच प्रतिकार चळवळीच्या लोकांनीही वापरली. १९४६ च्या सुमारास पॅरिसमध्ये दरोडे घालणारी एक टोळी तर याच गाडीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. कारण सगळ्यांचे एकच होते. त्या काळी रस्त्यावर तिला गाठू शकेल अशी साधी गाडी दुसरी नव्हती.

---

तिसरा गिअर

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे १९५० सालची लाइट फिफ्टीन आहे. सिट्रोएनचा इंग्लंडमधील कारखाना स्लाव येथे होता आणि तिथे १९३४ पासून १९५५ पर्यंत उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या त्राक्सियाँ बनत. माझी गाडी म्हणजे आपल्या ११ बीएलची तिथली बहीण. इंजिन तेच १९११ सीसीचे, पण डॅशबोर्ड लाकडी, सीट चामड्याच्या आणि वीज ६ ऐवजी १२ व्होल्टची. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण त्यातले बरेचसे मी स्वतःच्या खिशाने शिकलो आहे.

सर्वांत आधी पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही, याचा व्यावहारिक अर्थ असा की दारांखालून दोन्ही बाजूंनी जाणारी लांब पेटी हाच गाडीचा कणा आहे. ती आतून गंजली की चकचकीत रंगाला काही किंमत उरत नाही. मी गाडी घेतली तेव्हा विक्रेत्याने ती पेटी पूर्ण दुरुस्त केल्याचे सांगितले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी रंगावर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले तर ते सरळ आत गेले. पुट्टीचा जाड थर, त्याखाली जाळी आणि त्याखाली काहीच नाही. दोन्ही बाजूंचा पत्रा कापून नवीन वेल्ड करण्यात एक हिवाळा गेला. म्हणून माझी विनंती आहे, की गालिचे उचलून टॉर्चने पाहा, खालून हात फिरवा, आणि एक साधी चाचणी कराच. गाडी एका बाजूने जॅकवर थोडी उचला आणि त्या बाजूची दोन्ही दारे उघडून बंद करून पाहा. दार अडकू लागले किंवा त्याची फट वरून-खालून असमान झाली, तर कणा वाकतो आहे. डिकीचा तळ आणि पुढे इंजिनाला धरून ठेवणारे दोन बाहूही तसेच तपासा. ११ बीएल १९५३ ची असल्याने तिला मोठी डिकी असेल. ती १९५२ च्या उन्हाळ्यापासून आली, त्याआधी मागे स्टेपनीचा फुगवटा असे.

नंतर गिअरबॉक्स. जुनी पाने यांनी सांगितलेली घाई इथे भोवते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज बदलू देणारी योजना) नाही, आणि इंजिनाच्या मानाने पिनियन (छोटे दातेरी चाक) व बेअरिंग नाजूक आहेत. आजोबा दोन बोटांनी दांडा हलवतात, यावरून ते गाडीला नीट ओळखतात असे म्हणता येईल. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय दांडा सुटत नाही अशी कडी आतच आहे, तरी दांड्याशी झटापट करू नये. खालच्या गिअरवर येताना डबल क्लच करावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा, क्षणभर थांबावे आणि मग दांडा आपसूक आत जातो. चाचणी घेताना उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडा आणि कान द्या. तिथे घरघर किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर किंमत ठरवताना तो धरा.

ड्राइव्ह शाफ्ट तपासायचे असतील तर मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा. टकटक ऐकू आली तर सांधे झिजले आहेत. सांध्यांना ग्रीस वेळच्या वेळी दिले असेल तर ते वर्षानुवर्षे टिकतात. पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढायला मजबूत पुलर (ओढून काढण्याचे साधन) लागतो. कोणी हातोडा घेऊन ठोकायला निघाला तर त्याला थांबवा.

इंजिनाबद्दल मात्र निर्धास्त असा. त्याच्या लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओल्या पद्धतीच्या, म्हणजे भोवती पाणी खेळणाऱ्या आणि काढता येणाऱ्या आहेत, त्यामुळे ब्लॉक बोअर न करता लायनर आणि पिस्टन बदलता येतात. शिवाय हेच इंजिन सिट्रोएनच्या एच व्हॅनमध्ये अनेक वर्षे चालले आणि १९५५ मध्ये आलेल्या सिट्रोएनच्याच डीएस गाडीचे पहिले इंजिनही याच्याच वंशातले होते. म्हणून सुटे भाग आजही मिळतात, फ्रान्समध्ये तर आमच्यापेक्षाही सहज. टायरचेही तसेच. मिशलिनने आपला रेडियल एक्स टायर बाजारात आणला तो याच गाडीच्या मापात, आणि १६५-४०० हे माप अजून बनते.

चालवण्याविषयी सांगायचे तर उभ्या गाडीचे स्टिअरिंग जड आहे आणि वळायला जागा भरपूर लागते. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत तिचा कंटाळा येईल. पण गावाबाहेर पडून साठ-सत्तरचा वेग धरला की रॅक अँड पिनियन स्टिअरिंग हातात हलके होते. तिसऱ्या गिअरमध्ये ओलसर, वळणाच्या रस्त्यावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. वळणात ॲक्सिलरेटर अलगद दाबून ठेवावा, सोडू नये. पुढची चाके नाक आतल्या बाजूला ओढून घेतात. ती भावना एकदा हाताला लागली, की का जीव जडतो हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

---

रोनकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तिसरा गिअर यांना एक विचारायचे होते. ६ व्होल्टची वीज १२ व्होल्टवर न्यावी असे इथल्या एकाने सुचवले आहे. तसे करावे का? आणि गिअरबॉक्स नाजूक आहे म्हणून चार गिअरचा बसवावा असेही काही जण म्हणतात.

---

तिसरा गिअर

६ व्होल्ट तसेच ठेवावे असे माझे मत आहे. वायर पुरेशा जाड असतील आणि अर्थिंगची टोके घासून स्वच्छ केली असतील, तर गाडी व्यवस्थित सुरू होते, आणि हँडल तर आहेच. दिवे मंद असतात, हे खरे. रात्रीचा प्रवास वारंवार करणार असाल तरच बदलाचा विचार करा. चार गिअरचा बॉक्स सिट्रोएनच्या नंतरच्या आयडी मॉडेलचा बसवतात आणि लांबच्या प्रवासाला तो सोयीचा पडतो, याविषयी वाद नाही. तरीही मूळ बॉक्स चांगला असेल तर मी तो काढणार नाही.

---

कमानपाटा

गिअरबॉक्सच्या बाबतीत मी थोडा वेगळा विचार करतो. गाडी चालती राहणे महत्त्वाचे. मूळ बॉक्स तेलकापडात गुंडाळून जपून ठेवावा आणि आल्प्सच्या घाटांत जायचे असेल तर खुशाल चार गिअर बसवावेत. मूळ वस्तू हाताशी असली की बदल केव्हाही मागे घेता येतो. पत्रा कापून केलेला बदल मात्र करू नये, कारण या गाडीत पत्रा हाच सांगाडा आहे.

एक विचारतो. इंजिनात बेअरिंग कोणत्या प्रकारची आहेत, याची कल्पना आजोबांना आहे का? १९५५ च्या ११डी इंजिनाआधी कनेक्टिंग रॉडला व्हाइट मेटल (बेअरिंगसाठीचा मऊ मिश्रधातू) ओतलेले असे. ते पुन्हा ओतून घ्यायचे तर जाणता कारागीर लागतो. तेलाचा दाब आणि बेअरिंगचा आवाज तपासून घ्या.

---

रोनकाठ

काल संध्याकाळी आजोबांसोबत गाडी पाहिली, म्हणून सविस्तर कळवते. गालिचे उचलले, खाली आडवी होऊन टॉर्च मारला. डाव्या बाजूची पेटी टणक आहे. उजव्या बाजूला मागच्या चाकापाशी तळहाताएवढा भाग पोखरला आहे, पण जॅकवर उचलल्यावर चारही दारे पूर्वीसारखीच लागली. डिकीच्या तळाला गंज आहे आणि तो आजोबांनी स्वतःहून आधीच दाखवला. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये घरघर ऐकू आली नाही. गोल फेरीत उजवीकडे वळताना अगदी बारीक टकटक येते, डावीकडे येत नाही. व्हाइट मेटल त्यांनी वीस वर्षांपूर्वी नव्याने ओतून घेतले असून त्याची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात इतर कागदांसोबत आहे.

हँडल मारायचे त्यांनी मला शिकवले. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, म्हणजे उलटा झटका बसला तर हात सुटतो. तिसऱ्या फेरीला इंजिन सुरू झाले. नंतर काही वेळ ते बॉनेट उघडे ठेवून नुसतेच ऐकत उभे राहिले, आणि मीही.

किंमत ठरली आहे. उजव्या बाजूच्या पत्र्याचे काम ज्या वेल्डरकडे द्यायचे, त्याने पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आणायला सांगितले आहे. त्याआधीच्या रविवारी आजोबांना घेऊन रॉशताय्येला जाऊन येणार आहोत. गाडी मी चालवायची, असे त्यांचे म्हणणे आहे.